मांडवाचा एक बांबू कमी

तेहेतीस वर्षं मी जमिनीला विजेचे हलके झटके देऊन पोट भरलं. हे वाक्य एकदा मुलीच्या सासरी बोलून गेलो, तेव्हापासून तिथे माझ्याशी सगळे जरा जपूनच बोलतात. कामाचं खरं नाव भूभौतिक सर्वेक्षण. ते कार्यालयाच्या पाटीवर शोभतं, पण गावात त्याचा काडीचा उपयोग नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या निम्म्या गावांत मी 'पाणी पाहणारे साहेब' आणि उरलेल्या गावांत 'मशीनवाले'. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये लहानाचा मोठा झालो, वडील वीज तयार करणाऱ्यांतले. ते म्हणायचे, आम्ही इथे घाम गाळून वीज बनवतो आणि तू ती मातीत घालतोस.

काम तसं सोपं आहे. इमारत, पूल, पाण्याची टाकी असं काही उभं करायच्या आधी खाली काय आहे ते न खणता सांगायचं. सरळ रेषेत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांना वायर जोडायची, दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची आणि मधल्या दोन खुंट्यांवर तिला किती अडथळा झाला ते मोजायचं. ओली चिकणमाती विजेला सहज वाट देते, कोरडा खडक अडवतो, आणि खाली कोरडी पोकळी असली तर वीज तिला वळसा घालून जाते. खुंट्या जितक्या दूर दूर, तितकं खोलचं कळतं. दुसरी पद्धत घणाची. जमिनीवर लोखंडी पाट ठेवून त्यावर घण हाणायचा आणि तो हादरा दूर मांडलेल्या यंत्रांपर्यंत किती वेळात पोचतो ते पाहायचं. डॉक्टर पोटावर बोटं वाजवतो, तेच आम्ही करतो. फरक एवढाच की डॉक्टरला कुणी म्हणत नाही, इथे वाजवू नका, इथे पाहुणे बसणार आहेत.

आमच्या धंद्यात पुस्तकात नसलेल्या अडचणी फार. उन्हाळ्यात इथली जमीन इतकी वाळते की वीज आत शिरायलाच तयार नसते. मग प्रत्येक खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं. मोहर्लीला एका रिसॉर्टच्या उपाहारगृहासाठी आम्ही अशा चाळीसेक खुंट्या ठोकल्या, मीठपाणी ओतलं आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन पाहतो तर गावातल्या सगळ्या गायी रांगेत उभ्या राहून आमचं सर्वेक्षण चाटत होत्या. एक तर वायर गळ्यात घेऊन घरीही पोचली होती. यंत्र बंद होतं, हे मी शपथेवर सांगितलं, पण मालकाचं म्हणणं एकच, गायीले करंट लावला, आता दूध आटलं. पंचांनी निकाल दिला की साहेबांनी दोन दिवस सकाळी येऊन दूध मोजताना समोर बसावं. बसलो. दुसऱ्या दिवशी दूध पूर्ववत आलं आणि त्याचं श्रेय गायीला मिळालं.

अहेरीला एका सरकारी कार्यालयाच्या जागेवर काम होतं. नेमका बाजाराचा दिवस. यंत्र दिसताच लोक गोळा झाले आणि आपापल्या वावरात पाणी कुठी लागेल ते विचारू लागले. एका म्हातारीला मी समजावलं की बाई, हे यंत्र पाण्यासाठी आणलेलं नाही, उद्या हे ऑफिस बांधल्यावर खचणार तर नाही ना, ते पाहायला आणलंय. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ऑफिस खचलं तं खचू द्या. तुम्ही पाणी पाहा." माझ्या सगळ्या नोकरीत कामांचा अग्रक्रम इतक्या स्पष्टपणे कुणी लावून दिला नव्हता.

पण हे सगळं गमतीचं. जे सांगायला बसलोय ते वेगळं आहे, आणि त्यात माझी शोभा झाली आहे हे आधीच सांगून टाकतो.

पुस्तकात बांधकामाचा क्रम असा असतो, की आधी जमीन तपासायची, मग जागा ठरवायची, मग नकाशा, मग पाया. आमच्याकडे सगळ्यांत आधी पाहुण्यांची तारीख मिळते. तारीख मिळाली की भूमिपूजन होतं, काळ्या चकचकीत दगडावर सोनेरी अक्षरांत नावं कोरली जातात आणि कोनशिला बसते. त्यानंतर कुणाला तरी आठवतं की फाइलमध्ये जमिनीचा अहवाल लागतो. मग आमच्या सर्वेक्षण कंपनीला फोन येतो. म्हणजे आमचं खरं काम जमीन कशी आहे हे सांगायचं नसून, कोनशिलेखालची जमीन चांगली आहे हे सांगायचं असतं. तेहेतीस वर्षांत मी नदीने पात्र बदललेलं पाहिलं, पण बसवलेली कोनशिला जागची हललेली पाहिली नव्हती.

राजुऱ्याच्या बाजूला जंगलाला लागून एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्यांनी काही केलेलं नाही. तिथल्या आश्रमशाळेत मुलींना झोपायला जागा नव्हती. ज्या खोल्यांत दिवसा वर्ग भरायचे, तिथेच संध्याकाळी बाक एकावर एक रचून सतरंज्या पसरायच्या. त्यांच्या अधीक्षिका मडावी बाई. याच शाळेत, याच फरशीवर झोपून त्या शिकल्या होत्या, आणि नव्या वसतिगृहासाठी त्यांनी किती वर्षं अर्ज केले त्याची गणती नाही. शेवटी इमारत मंजूर झाली. शाळेसमोरच्या मोकळ्या माळावर मांडव पडला, भाषणं झाली, कोनशिला बसली. आणि दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन आम्ही.

जवळच एक जुनी भूमिगत कोळसा खाण होती, कधीची बंद पडलेली. तिच्या नकाशाप्रमाणे खालचे बोगदे नाल्याच्या अलीकडेच संपत होते आणि आमचा माळ पलीकडे होता. या नकाशांवर किती विश्वास ठेवावा हे चंद्रपुरात राहणाऱ्याला सांगायला नको. ठेकेदाराने वरच्या साहेबाला जे सांगितलं ते नकाशात येतं, आणि जे कोळशाच्या मोहात पुढे खणलं ते राहून जातं. म्हणूनच तर सर्वेक्षण करायचं होतं.

ऊन मी म्हणत होतं. माळावर मांडव अजून उभाच होता. त्याच्या ऐन मधोमध कोनशिला, सिमेंट ओलं, वर झेंडूच्या माळा. माझी रेष नेमकी तिथून जात होती. इमारत बांधणाऱ्या खात्याचे कार्यकारी अभियंता सोबत होते, त्यांना मी नुसतं साहेब म्हणतो. साहेब माणूस वाईट नाही, फक्त त्यांना फाइल उघडी राहिलेली बघवत नाही. ते म्हणाले, मांडव उद्या निघेल, तोवर थांबता का? मांडवाला वळसा घाला ना, रेष थोडी वाकली तर काय होतं. माझ्या माणसांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. मलाही दुसऱ्या दिवशी सिरोंचाच्या बाजूला पोचायचं होतं. मी रेष वाकवली. मांडवाच्या कडेकडेने खुंट्या ठोकल्या, आकडे घेतले, आकडे छान आले.

इथवर कुणाकडूनही होतं. पुढचं मात्र मीच केलं. अहवालातल्या आकृतीत ती रेष मी सरळ काढली. पट्टी लावून. खाली लिहिलं, 'प्रस्तावित जागा बांधकामास योग्य', आणि सही ठोकली.

पंधरा-वीस दिवसांनी मडावी बाई चंद्रपूरला आमच्या कार्यालयात आल्या. बसने, हातात पिशवी, चप्पल दाराबाहेर काढलेली. मला वाटलं आभार मानायला आल्या. मी चहा सांगितला. त्यांनी विचारलं की मांडवाखाली मशीन लावली होती का. मी म्हटलं, सगळीकडे लावली. इतक्या वर्षांच्या सवयीचा आवाज काढून म्हटलं.

बाई म्हणाल्या, "मी वऱ्हांड्यातून पाहून राह्यली होती, साहेब. मांडवाखाली तुम्ही गेलेच नाई."

 मग त्यांनी मांडववाल्याची हकिगत सांगितली. मांडवाचा ठेका राजमभाऊचा होता. त्याने खांबासाठी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारून खड्डा केला, त्यात पंधरा हाती बांबू उभा केला, आणि बांबू आत सरकला. हातभर नाही, सगळाच. वरचं टोकसुद्धा राहिलं नाही. राजमने त्या भोकावर फळी टाकली, खांब दोन हात बाजूला घेतला आणि कार्यक्रम पार पडला. तेव्हापासून तो चहाच्या टपरीवर ज्याला त्याला सांगत होता की माझा एक बांबू जमिनीने गिळला, आणि लोक त्याला विचारत होते की भाऊ, किती घेतली होती.

"एकशेवीस पोरी झोपतीन तिथी," बाई म्हणाल्या. "बांबू गेला तं राजम दुसरा आणीन."

चहा आला, त्यांनी तो घेतला नाही. त्या गेल्यावर मी कपाटातून अहवालाची प्रत काढून ती सरळ रेष पाहत बसलो. फार सुबक आली होती. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि त्याहून वाईट म्हणजे, याचं काही होणार नाही अशी आशाही तिथेच वाटत होती.

रविवारी मी राजमला भेटायला गेलो. हा मांडववाला मूळचा गोदावरीपलीकडचा, तेलुगू घरातला, आणि तरुणपणी त्याच खाणीत खाली कोळसा भरणारा. हे मला माहीत नव्हतं. कुणी त्याला विचारलंच नव्हतं. तो म्हणाला की बोगद्याचं छत एकदम पडत नाही, थोडंथोडं गळतं. गळालेला ढीग खाली साचतो आणि पोकळी तेवढीच वर चढते. वर्षानुवर्षं चढत चढत ती गवताच्या मुळापर्यंत येते. हेच मी पुस्तकात वाचलं होतं, तीन पानांत आणि आकृत्यांसह. मी विचारलं की बोगदे तर नाल्यापाशी संपले होते ना.

"नकाशा संपला होता, साहेब. आम्ही तं पुढे जाऊन राह्यलो होतो," राजम म्हणाला.

तो मला खाणीच्या बुजलेल्या तोंडापाशी घेऊन गेला आणि तिथून चालू लागला. वरच्या झुडपांकडे त्याचं लक्षच नव्हतं. खाली ज्या वळणाने जायचा तसाच वर चालत होता. एके ठिकाणी सवयीने मान वाकवली, तिथे म्हणे छत बुटकं होतं. नाला ओलांडला, डावीकडे वळला आणि माळावर येऊन थांबला. कोनशिला तिथून तीन पावलांवर होती.

मी रजा टाकली, दोन माणसं घेतली, खात्याला न कळवता यंत्र नेलं आणि या वेळी रेष सरळ टाकली, खरोखरची सरळ. कोनशिलेजवळच्या खुंट्यांवर अडथळ्याचे आकडे भसाभस चढले. वायर निसटली असेल म्हणून सगळं सोडून पुन्हा जोडलं. तसेच चढले. मडावी बाई वऱ्हांड्यातून पाहत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी मुलींना माळावर खेळायला बंदी केली.

आता खरी मौज. मी साहेबांना आकडे दाखवले. साहेब म्हणाले, आकडे म्हणजे काही खड्डा नव्हे. बरोबर होतं. राजमचं भोक तर मांडव काढतानाच मातीने बुजलं होतं, खात्रीसाठी तिथे बोअर मारून पाहावं लागतं. मी म्हटलं, मारू या. साहेब खुर्चीत सरळ झाले. कोनशिलेला लागून बोअर? हादऱ्याने दगडाला तडा गेला म्हणजे? वर नावं कुणाची आहेत पाहिलंत का? थोडक्यात, दगडाखाली पोकळी आहे की नाही ते दगडाला धक्का न लावता सिद्ध करायचं होतं. आणि राजमची पावलं अहवालात घालता येत नव्हती, कारण पावलं ही मान्यताप्राप्त पद्धत नाही.

फाइल तशीच पुढे गेली असती. अडवली ती मडावी बाईंनी, एका पानाच्या पत्राने. त्यांनी तक्रार केली नाही की मोर्चा आणला नाही. एवढंच लिहिलं, की या जागेवर मुली सुरक्षित राहतील असं कुणीतरी आपल्या नावानिशी लिहून द्यावं, म्हणजे मी ते पत्र वसतिगृहाच्या दारावर लावीन. बस. हे पत्र चार टेबलांवर फिरलं. प्रत्येकाने जागा योग्य आहे असं तोंडी सांगितलं आणि पत्र पुढच्याकडे सरकवलं. शेवटी सगळ्यांना आठवलं की सही तर आधीच झालेली आहे. माझी. साहेब खुशीत येऊन म्हणाले, तुमचाच अहवाल आहे, तुम्हीच लिहून द्या की.

निवृत्तीला सात वर्षं होती आणि बढतीची यादी निघायची होती. एक आठवडा मी जेवलो-झोपलो पण चव कशालाच नव्हती. बायकोने विचारलं, झालं काय? सांगितलं. ती म्हणाली, रेष तुम्ही वाकवली, मग तुम्हीच सांगा ना तसं, त्यात विचार करण्यासारखं काय आहे. या बाईला आमच्या कार्यालयात घेतलं असतं तर बरीच कामं लवकर झाली असती. मी खात्याला लिहिलं, 'मांडवाखालील जागेचे सर्वेक्षण मी केलेले नाही. रेष वाकवली होती. आकृती चुकीची आहे. अहवाल मागे घेत आहे.' इतकी छोटी आणि सोपी मराठी मी नोकरीत पहिल्यांदाच लिहिली.

मग जे व्हायचं ते झालं. आमच्या कंपनीने खुलासा मागितला, यादीतून नाव गेलं, आणि पुढची सगळी दूरदूरची कामं, जिथे बस दिवसातून एकदाच जाते, ती माझ्या वाट्याला आली. पण सहीविना फाइल हलेना. अखेर साहेबांनीच तोड काढली. इमारत शाळेच्या मागच्या अंगाला न्यायची. तिथे मी सरळ रेष टाकली, बोअरही मारू दिलं, खाली सलग वालुकाश्म लागला. कोनशिला मात्र होती तिथेच राहणार. मग कोनशिलेभोवती मोकळी जागा का, याला कारण हवं. ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'सदर परिसर शोभिवंत उद्यानासाठी अत्यंत योग्य'. साहेबांनी पाठ थोपटली. उद्यान कधी झालं नाही. मडावी बाईंनी तिथे बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि दर उन्हाळ्यात ते नव्याने बांधू लागल्या. एका पाहणीत त्यांना विचारणा झाली की मान्यवरांच्या नावाभोवती काटे काऊन. त्या म्हणाल्या, बकऱ्या येतात.

वसतिगृह झालं, मुली राहायला गेल्या. आणि माळावर काहीच झालं नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, दहा गेले. आमच्या धंद्याचं हे दुखणं आहे. तुम्ही बरोबर असलात तर काही घडत नाही, आणि काही घडलं नाही की तुम्ही चुकला होतात असं ठरतं. साहेब लग्नकार्यात भेटले की चार लोकांत विचारायचे, काय हो, तुमची पोकळी कशी आहे? राजमला तर पोरं रस्त्यात थांबवून बांबूची चौकशी करायची. मी हसण्यावारी न्यायचो. पण निवृत्त झाल्यावरही दर वर्षी काही ना काही निमित्त काढून त्या गावाला जायचो, कुंपणाबाहेर उभा राहून दगडाकडे पाहायचो आणि मनात म्हणायचो, अरे, आता तरी खाली बस. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. इथे छापून येतंय.

गेल्या भाद्रपदात सकाळी दहाच्या सुमारास मडावी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "साहेब, बसलं."

मी ताडकन उठलो. कुठे बसलं, दगडापाशीच ना, किती रुंद, खोली किती, आकार गोल की लांबट, दगड राहिला की गेला, फोटो काढला का, असं एका दमात विचारत सुटलो. बाईंनी सगळ्याची उत्तरं क्रमाने दिली. दगडासकट गेलं. एक ट्रॅक्टर उभा मावेल एवढं तोंड, खाली पाणी दिसते. कुंपण अर्धं लोंबून राह्यलं. राजमभाऊ येऊन पाहून गेला, बांबू दिसत नाई म्हणाला. साहेबांना कळवलं का, असं मी विचारलं, आणि साहेबांचं तोंड कसं झालं असेल या विचाराने मला चक्क हसू आलं. फोटो लगेच पाठवा, सगळ्या बाजूंनी काढा, म्हटलं.

 पलीकडे ताटांचा आवाज येत होता.

"हजेरी घेतली, मंग तुम्हाले फोन लावला," बाई म्हणाल्या. "सगळ्या आहेत, जेवून राह्यल्या. तुम्ही इचारलं नाई, म्हणून सांगून राह्यली."